सिरसाळ्याचे तीन तुकडे: कोडचे रंग आणि देवनागरी

पायथनच्या ‘आरई’ या नेहमीच्या लायब्ररीला ‘सिरसाळा’ हा शब्द दिला आणि त्यातले शब्द वेगळे काढायला सांगितले, तर उत्तरात तीन तुकडे मिळतात: ‘स’, ‘रस’ आणि ‘ळ’. वेलांटी गळते, दोन्ही काने गळतात. परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव त्या नियमाच्या लेखी एक शब्द उरतच नाही. कारण साधे आहे. शब्दातले अक्षर कोणते, हे ठरवणारा तिथला नियम मूळ अक्षरे आणि अंक मोजतो. काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे असल्याने ती शब्दाबाहेर पडतात. वाचणारा माणूस ‘सिरसाळा’त चार अक्षरे मोजतो. पायथन लांबी सांगते 7, आणि फाइलमध्ये तो शब्द 21 बाइट जागा घेतो.

आता हेच नाव व्हेरिएबलला द्यावे. पायथन ते बिनतक्रार घेते. 2007 साली मांडलेल्या ‘पेप 3131’ या प्रस्तावानंतर पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी नावे चालू लागली, आणि त्या नियमात मात्रांचा नीट विचार झालेला आहे. एकाच भाषेच्या एका दालनात सिरसाळा अखंड आहे, दुसऱ्यात त्याचे तुकडे आहेत.

कोड एडिटरमध्ये दिसणारे रंग अशाच नियमांवर उभे असतात. म्हणून कोड रंगवणाऱ्या आणि देखणा करणाऱ्या एक्स्टेन्शनचा आढावा मराठीत घ्यायचा, तर ‘कोणती थीम छान’ एवढ्यावर थांबता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने कमेंट मराठीत लिहिली, डेटामध्ये गावांची नावे देवनागरीत ठेवली, तर ती ओळ त्याच्या पडद्यावर वाचण्याजोगी दिसते का, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे.

मजकूर रंगवण्याची गरज संगणकाच्या आधीपासूनची आहे. जुन्या पोथ्यांत मजकूर काळ्या शाईने आणि दंड, अध्यायाची समाप्ती, पुष्पिका अशा जागा हिंगुळाच्या लाल रंगाने खुणावलेल्या आढळतात. चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती झाकत; ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच मराठीत आला. आज व्हीएस कोड या एडिटरमध्ये कालबाह्य ठरवलेल्या फंक्शनच्या नावावर आडवी रेघ दिसते. काम तेच आहे: हे वापरू नका. उलट टोकाला मोडी आहे. शब्दांमध्ये जागा न सोडता सलग चालणारी मोडीची ओळ वाचायला सरावलेली नजर लागते. एकरंगी, इंडेंटेशन नसलेला दोनशे ओळींचा कोड नवख्याला तसाच भासतो.

संगणकावर टंकता टंकता रंग भरणाऱ्या सुरुवातीच्या एडिटरपैकी एक म्हणजे ‘लेक्स’. आयबीएममधल्या माइक काउलिशॉ यांनी तो 1985 साली तयार केला, तोही ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या कामासाठी. म्हणजे रंगांची ही सोय शब्द, व्युत्पत्ती, अर्थ, उदाहरण असे कोशाच्या नोंदीचे भाग वेगळे दिसावेत यासाठीही राबली. महाराष्ट्रात बहुतेकांची रंगीत कोडशी पहिली ओळख झाली ती टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर: पिवळी अक्षरे आणि पांढरे राखीव शब्द. कॉलेजच्या लॅबमध्ये तो निळा पडदा त्याचे आयुष्य संपल्यावरही खूप वर्षे टिकला. मराठीतून शिकणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मोलाचे काम केले. सी, सी प्लस प्लस, पायथन, लिनक्स यांचे धडे तिथे मराठी आवाजात आहेत. लिनक्सवरच्या धड्यांत दिसणारा ‘जीएडिट’ हा साधा एडिटर देवनागरी जोडाक्षरे व्यवस्थित दाखवतो. दिसायला साधा असला तरी या बाबतीत तो अनेक नावाजलेल्या एडिटरच्या पुढे होता.

आज मैदान मुख्यतः व्हीएस कोडचे आहे. 2015 साली मायक्रोसॉफ्टने तो जाहीर केला आणि 2016 मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. त्यातले प्राथमिक रंग ‘टेक्स्टमेट’ या मॅकवरच्या जुन्या एडिटरकडून घेतलेल्या पद्धतीने ठरतात. प्रत्येक भाषेसाठी नियमांची एक फाइल असते. अवतरणचिन्हांत आहे ते स्ट्रिंग, ‘डेफ’नंतर येते ते फंक्शनचे नाव, अशा खुणा त्यात असतात. ही पद्धत वेगवान आहे, पण तिला अर्थ कळत नाही, फक्त आकार कळतो. 2020 पासून व्हीएस कोडने त्यावर अर्थाधारित रंगांचा थर चढवला. एखादे नाव क्लासचे आहे की व्हेरिएबलचे, हे त्या भाषेची समज असलेला प्रोग्रॅम सांगतो आणि रंग त्याप्रमाणे बदलतो. दुसरी वाट ‘ट्री-सिटर’ची. गिटहबच्या ‘ॲटम’ एडिटरच्या निमित्ताने मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी ती घडवली. ती कोडची पूर्ण वाक्यरचना झाडासारखी मांडते आणि एक अक्षर बदलले तर तेवढीच फांदी पुन्हा तपासते. ॲटम 15 डिसेंबर 2022 ला बंद झाला. ट्री-सिटर मात्र निओव्हिम, झेड, ईमॅक्स अशा अनेक घरांत नांदते आहे.

रंगांनी खरेच कोड कळतो का? यावर संशोधकांचे एकमत नाही, आणि ते वाचकाला सांगायला हवे. 2015 साली अद्वैत सरकार यांनी केंब्रिजमध्ये 10 जणांवर केलेल्या प्रयोगात रंगीत कोड समजायला कमी वेळ लागला. अनुभव वाढत जाईल तसा हा फायदा घटत गेला. 2018 मध्ये जर्मन संशोधकांनी 390 विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग केला आणि नवख्यांच्या समजुतीत ठळक फरक आढळला नाही असा निष्कर्ष काढला. गो भाषेच्या जनकांपैकी एक, रॉब पाइक, रंगांशिवायच काम करणे पसंत करतात. या सगळ्यावरून एवढे म्हणता येईल की रंग लावल्याने कोणी हुशार प्रोग्रॅमर होत नाही. पण बंद न केलेले अवतरणचिन्ह पुढच्या दहा ओळी स्ट्रिंगच्या रंगात बुडवते, तेव्हा चूक क्षणात नजरेत भरते. पहिल्या सहामाहीतल्या मुलाचा त्यात वाचलेला अर्धा तास कुठल्याही प्रयोगात मोजलेला नसला, तरी शिकवणाऱ्याला तो माहीत असतो.

थीमचा बाजार अफाट आहे. मोनोकाय 2006 ची, विमर हेझनबर्ग यांची. सोलराइझ्ड 2011 ची, इथन शूनओव्हर यांची. ड्रॅक्युला 2013 ची, झेनो रोशा यांची. या तिघींच्या छटा घेऊन शेकडो थीम निघाल्या. निवडताना सौंदर्याआधी उठाव बघावा. वेबवरच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातले प्रमाण किमान 4.5 असावे असे सांगितले आहे. ड्रॅक्युलामधला कमेंटचा निळसर करडा रंग मोजला तर हे प्रमाण साधारण 3 भरते. इंग्रजी कमेंट त्यात कशीबशी वाचता येते. देवनागरीत मात्र शिरोरेषा, तिच्यावरचे रफार-मात्रा आणि खालचे उकार हे सगळे त्याच अंधुक रंगात एकमेकांत मिसळतात.

त्याहून त्रासाची गोष्ट तिरप्या अक्षरांची. बऱ्याच थीम कमेंट इटॅलिकमध्ये दाखवतात. विंडोजवर देवनागरीसाठी जो ‘निर्मला यूआय’ फॉन्ट आपोआप निवडला जातो, त्याला इटॅलिक रूपच नाही. मग संगणक सरळ अक्षर ओढून तिरके करतो. काना कलतो, वेलांटीची कमान पुढच्या अक्षरावर झुकते, आणि ‘प’ आणि ‘ष’ यांतला फरक डोळे बारीक करून शोधावा लागतो. विद्यार्थ्याने मराठी जिथे लिहिण्याची सर्वाधिक शक्यता आहे ती जागा म्हणजे कमेंट, आणि नेमकी तीच जागा थीमकारांनी सर्वांत अंधुक आणि सर्वांत तिरकी करून ठेवली आहे. यात कोणाचा द्वेष नाही. थीम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर देवनागरी कधी आलीच नाही. उपाय दोन मिनिटांचा आहे. थीमचे रंग सेटिंगमध्ये बदलता येतात. कमेंटचा रंग उजळ करावा आणि अक्षर सरळ ठेवावे. डोळ्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल, तर गिटहबच्या थीममध्ये त्यासाठीचे वेगळे रूप आहे, आणि व्हीएस कोडमध्ये जास्त उठावाच्या थीम मुळातच असतात.

फॉन्टचा विषय इथेच येतो. कोडच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असते. निकिता प्रोकोपोव्ह यांचा फिरा कोड, मायक्रोसॉफ्टचा 2019 चा कॅस्केडिया कोड, 2020 चा जेटब्रेन्स मोनो हे आज जास्त चालणारे. त्यांत बाणासारखी चिन्हे जोडून देखणी दाखवण्याची सोय आहे, देवनागरी नाही. देवनागरी अक्षर आले की यंत्रणा शेजारच्या फॉन्टकडून ते उसने आणते, आणि उसने अक्षर सारख्या रुंदीचे नसते. ओळींच्या शेवटी एका रेषेत लावलेल्या मराठी कमेंट वाकड्यातिकड्या होतात. टर्मिनलमध्ये तर अक्षरे चौकटीबाहेर सांडतात.

सारख्या रुंदीची देवनागरी अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला कचेरीतला टाइपरायटर दाखवावा. गोदरेजने 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. पुढे मराठी टाइपरायटरवर तहसिलीतल्या नोटिसा, कोर्टाचे कागद, शाळांचे दाखले निघत राहिले. अर्धी अक्षरे, मागे लागणाऱ्या मात्रा, सगळे ठरावीक अंतराच्या चौकटीत बसवलेले होते. अक्षर काहीसे आखडले, पण वाचता आले आणि रकाने सरळ राहिले. संगणकावर देवनागरी फुलवणारे अनेक हात मराठी होते. विंडोजवरचा ‘मंगल’ कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा, पुण्यात रेड हॅटच्या चमूने ‘लोहित’ फॉन्ट सांभाळले, मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ सर्वांना मोफत दिला. एवढे सगळे असूनही कोडसाठी सर्वमान्य असा सारख्या रुंदीचा देवनागरी फॉन्ट अजून उभा राहिलेला नाही. हे काम एखाद्या परदेशी कंपनीने करावे म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

तोवर एक तडजोड चांगली चालते. एडिटरच्या फॉन्टच्या यादीत पहिले नाव कॅस्केडिया कोडचे द्यावे, दुसरे मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीचे. ओळीची उंची थोडी वाढवावी, म्हणजे ‘र्की’मधला रफार आणि वरच्या ओळीतला ‘कू’चा उकार एकमेकांना भिडत नाहीत. एवढ्याने मराठी कमेंट असलेल्या फाइलचे रूप पालटते.

कंसांच्या रंगांची कहाणी छोटी पण शिकवणारी आहे. जोडीचे कंस एका रंगात दाखवणारे ‘ब्रॅकेट पेअर कलरायझर’ लाखो लोकांनी घेतले. मात्र मोठ्या फाइलवर ते अडखळे. 2021 मध्ये व्हीएस कोडने तेच काम स्वतःत घेतले. टाइपस्क्रिप्टच्या 42 हजारांहून अधिक ओळींच्या एका फाइलवर जुन्या एक्स्टेन्शनला काही सेकंद लागत. नव्या रचनेत ते काम 10,000 पट वेगाने होते असे त्या चमूने लिहिले, आणि मूळ एक्स्टेन्शनच्या कर्त्याने आपले काम निवृत्त केले. तरीही आजच्या याद्यांमध्ये त्याचे नाव सापडते. जुनी यादी पाहून ते बसवणाऱ्याने थांबावे. सेटिंगमध्ये एक खूण केली की पुरे.

बाकीच्यांतली मोजकी कामाची. ‘इंडेंट रेनबो’ इंडेंटेशनच्या पायऱ्या फिकट रंगांनी दाखवते. पायथन शिकणाऱ्याला पहिले दोन महिने उपयोगी. ‘एरर लेन्स’ चूक त्याच ओळीच्या टोकाला लिहून दाखवते. ‘प्रेटियर’ 2017 पासून जावास्क्रिप्ट आणि त्याच्या भावंडांचा कोड एका शिस्तीत लावून देते, त्यामुळे गटातल्या चौघांचा कोड एकाच हातचा वाटतो. ‘बेटर कमेंट्स’ इशारा, प्रश्न, राहिलेले काम अशा कमेंट वेगळ्या रंगात दाखवते आणि त्यात स्वतःचे शब्द घालता येतात. ‘करायचे’ हा शब्द तिथे घालून ठेवावा. राहिलेली कामे आपल्या भाषेत ठळक दिसू लागतात.

कोडचे चित्र काढून दाखवणारी साधने हा निराळा प्रकार. ‘पोलाकोड’, ‘कोडस्नॅप’ ही एक्स्टेन्शन आणि ‘कार्बन’ ही वेबसेवा कोडला छायेची चौकट, गोल कोपरे आणि रंगीत पार्श्वभूमी देऊन चित्र तयार करतात. प्रकल्पाचा अहवाल, भिंतीवरचा तक्ता, सेमिनारची स्लाइड यांसाठी ती उत्तम. व्हॉट्सॲप ग्रुपवर शंका विचारताना मात्र चित्र पाठवू नये. समोरच्याला ते चालवून बघता येत नाही, आणि दृष्टिहीन मित्राचे स्क्रीन रीडर त्यातले एक अक्षरही वाचत नाही.

थीम निरुपद्रवी असते, हा समज धोक्याचा आहे. मे 2023 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने व्हीएस कोडच्या बाजारातली काही घातक एक्स्टेन्शन उघड केली. त्यातले एक ‘डार्क्युला डार्क’ थीम म्हणून मिरवत होते, 45 हजारांहून अधिक वेळा उतरवले गेले होते आणि संगणकाची माहिती गोळा करत होते. 2025 च्या फेब्रुवारीत उलटा प्रसंग घडला. लोकप्रिय ‘मटेरियल थीम’ संशयावरून मायक्रोसॉफ्टने काढून टाकली, नंतर ती परत ठेवली आणि कर्त्याची माफी मागितली. कर्ता कोण, शेवटची सुधारणा कधीची, हुबेहूब नावाची दुसरी थीम आहे का, हे पाहूनच बटण दाबावे. रंगांसाठी आणलेल्या एक्स्टेन्शनला संगणकावर जवळपास मालकाइतकेच अधिकार मिळतात.

जुन्या लॅपटॉपवर चार जीबी रॅम असेल तर पाच-सहा एक्स्टेन्शनच्या पुढे जाऊ नये. ऑक्टोबर 2021 पासून व्हीएस कोड ब्राउझरमध्येही चालतो, आणि लॅपटॉप नसलेला विद्यार्थी फोनवर ‘एकोड’सारख्या एडिटरमध्ये रंगीत कोड लिहू शकतो. फोनवरची देवनागरी बहुधा संगणकापेक्षा चांगली दिसते.

आता पुन्हा नियमांकडे. व्हीएस कोडचे रंग ज्या ‘ऑनिगुरुमा’ इंजिनवर चालतात, ते काना-मात्रांना शब्दाचाच भाग मानते. म्हणून ‘बेरीज’ नावाचे पायथन फंक्शन तिथे नीट रंगते. वेबपानांवर कोड रंगवणाऱ्या साधनांचे तसे नाही. लिआ व्हेरू यांच्या 2012 च्या ‘प्रिझम’मध्ये पायथन फंक्शनचे नाव ए ते झेड याच अक्षरांचे असणार हे गृहीत धरले आहे, ‘बेरीज’ तिथे बिनरंगाचे राहते. ‘हायलाइट.जेएस’ने पायथनसाठी युनिकोडचे गुणधर्म वापरून ही चूक सुधारली. स्वानंद कदम यांच्या ‘कलाम’सारख्या भारतीय लिपीतल्या प्रोग्रॅमिंग भाषांना हा अडथळा रोजचा आहे. ‘अगर’ हा राखीव शब्द रंगवायचा तर जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या शब्दसीमेच्या खुणेला देवनागरी शब्दाची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे हेच कळत नाही. नियम वेगळ्या रीतीने लिहावा लागतो.

मराठीचे खास दुखणे ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतल्या अर्ध्या र-चे. हा र दोन रीतींनी टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ-ला हलंत लावून, किंवा साध्या र-नंतर हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही ‘दऱ्या’ सारख्याच. पायथन पहिले नाव घेते आणि दुसऱ्यावर एरर देते. जावास्क्रिप्ट दोन्ही घेते, पण दोन निरनिराळी व्हेरिएबल म्हणून. डेटामध्ये गावांची नावे शोधतानाही हाच घोळ होतो, आणि डोळ्यांना दिसत नसल्याने तासन्‌तास सापडत नाही. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये केंब्रिजचे निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी अदृश्य चिन्हांनी कोडमध्ये घातपात कसा करता येतो हे दाखवले. त्यानंतर व्हीएस कोडने अशी चिन्हे चौकटीत दाखवायला सुरुवात केली. सोय चांगली आहे. मराठीत मात्र त्यातल्या एका चिन्हाला शुद्धलेखनातले प्रामाणिक काम आहे, हे त्या यादीकडे बघताना लक्षात ठेवायला हवे.

एकूण पाहता रंग, कंस, मांडणी हा प्रश्न जगाने जवळपास सोडवला आहे आणि बहुतेक उत्तरे फुकट आहेत. देवनागरीची बाजू मात्र अर्धवट आहे, कारण ती तपासणारे डोळे कमी पडले. भाषेचे रंग ठरवणारे एक्स्टेन्शन बनवायला फार प्रोग्रॅमिंग लागत नाही; नियमांची एक फाइल आणि माहितीची एक फाइल पुरते. प्रिझमसारख्या साधनांचे कोड सर्वांसाठी खुले आहेत. परळी, अंबाजोगाई, माजलगाव, बीड इथल्या कॉलेजांमधल्या शिक्षकांना विनंती आहे की वर्षाच्या लघुप्रकल्पांपैकी एक तरी या कामाला द्यावा. विद्यार्थ्याने आपल्या एडिटरमध्ये आपल्या गावाचे नाव व्हेरिएबल, स्ट्रिंग आणि कमेंट अशा तिन्ही जागी लिहावे, जिथे ते तुटते किंवा बिनरंगाचे राहते तिथला पडदा टिपून घ्यावा, आणि ती तक्रार त्या साधनाच्या कर्त्यांकडे नोंदवावी. सुरुवातीला ‘सिरसाळा’ हा शब्द घेता येईल.